तीन नंबरचा गाळा

प्रोग्राम चार दिवस एकच सांगत होता, उत्तर नाही. आणि मी चार दिवस त्याच्यावर डाफरत होते. आता वाटतं, त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात खरं बोलणारं तेवढं एकच होतं.

मी भिवंडीजवळच्या वळ गावातल्या एका गोदामात कॉम्प्युटरचं काम करायचे. गेटमधून आत शिरलं की उजव्या हाताला वजनकाटा, त्याला चिकटून माझी एसीची खोली. कोणती गाडी आली, कोणाचा माल उतरला, कोणत्या गाळ्यात गेला, हे मी स्क्रीनवर भरायचे. गाळे मागच्या बाजूला होते, एका ओळीत, आणि तिथे जायची मला गरज पडत नसे. खरं सांगायचं तर आवडतही नसे. धूळ, वास, आणि हमालांनी मोबाइलवर मोठ्याने लावलेली गाणी. तिकडचं राज्य माझ्या थोरल्या भावाचं. दादा तिथे मुकादम होता, वीसेक हमाल त्याच्या हाताखाली. सकाळी आमच्या गावाहून, अंजूरहून, आम्ही दोघं त्याच्याच बाइकवर यायचो. गेटवर तो मला उतरवायचा आणि मागे निघून जायचा. दोन वर्षांत मी गाळ्यांकडे गेले असेन ती चार-पाच वेळा, तीही पहिल्या गाळ्यापर्यंतच.

आकड्यांची कोडी हा माझा जुना नाद. भिवंडीत कॉलेजला असताना सरांनी एक कोडं घातलं होतं. आठ चौकटी, एक ते आठ आकडे, आणि लागोपाठचे दोन आकडे शेजारी येता कामा नयेत. वर्गातली पोरं पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसली. मी प्रोग्राम लिहिला. त्याची रीत अगदी साधी असते. पहिल्या चौकटीत एक आकडा ठेवायचा, मग दुसरीत एक, आणि शेजार जुळतो का बघायचं. जुळला की पुढे. नाही जुळला तर तो उचलून दुसरा ठेवायचा. सगळे ठेवून झाले तरी जमेना, तर एक चौकट मागे यायचं आणि तिथला आकडा बदलायचा. आमच्याकडे हळदीच्या पंगतीत माणसं बसवतात तसंच हे. या काकांचं त्या मामांशी बोलणं नाही, मध्ये कोणाला तरी बसवा, नाही जमलं तर दोघांनाही उठवा. माणसं उठवली की रुसतात, आकडे रुसत नाहीत, एवढाच फरक. प्रोग्राम न कंटाळता हजारदा मागे येतो. मला त्या मागे येण्याचं फार कौतुक होतं, कारण आमच्या घरात ते कोणालाच जमत नाही.

दादाला तर मुळीच नाही. रस्ता चुकला तरी तो बाइक वळवत नाही. "पुढनं कुठनं तरी निघंल," म्हणतो आणि आम्ही खाडीच्या कडेला चिखलात जाऊन उभे राहतो. मी मागे बसून बडबड करते, तो हेल्मेटमधून ऐकू येत नसल्याचं सोंग करतो. मीही काही कमी नाही. मला 'नाही' हा शब्द खपत नाही, मग तो माणसाने म्हटलेला असो की मशीनने.

जुलैच्या शेवटी जवळच्याच एका गोदामाला आग लागली. दोन दिवस ते धुमसत होतं. आमच्या ओटीवर पत्र्याखाली वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसली, वहिनीने सगळे कपडे पुन्हा धुतले. ते दोन दिवस वहिनी दादाकडे जरा जास्तच बघत होती.

मग आमच्या शेठकडे विमा कंपनीचा माणूस आला. कोणता माल कोणत्या मालाच्या शेजारी चालणार नाही, याची यादी त्याने दिली आणि सांगितलं, गाळ्यांची मांडणी कागदावर द्या, नाहीतर विमा विसरा. शेठ आमच्या पंचक्रोशीतलेच, वडलांची भातशेती बुजवून गोदामं उभी केलेले. तोंडी व्यवहारात वाघ, पण कागद म्हटला की त्यांना घाम फुटायचा. त्यांनी ती यादी माझ्या टेबलावर टाकली.

"पोरी, तू येवढी शिकलीस, मंग ह्या मांड. कोन कोनाचे बाजूला नको, ता त्याच्यान लिवलाय."

मला तर आयतं कोडंच मिळालं. अकरा व्यापाऱ्यांचा अकरा तऱ्हेचा माल होता. सुताचे कोन, कागदाचे रोल, थिनर, ॲसिड, असलं काय काय. त्यात दोन माल खरे वाईट. एक हायड्रो, कापड रंगवणारे डाइंगवाले वापरतात ती पांढरी पावडर. तिला ओल लागली की ती डब्यातल्या डब्यात तापते आणि पेट घेते. दुसरा पेरॉक्साइड, तोही डाइंगचाच, पाण्यासारखा दिसणारा, निळ्या पिंपांतला. हे दोघं एकत्र आले तर जवळ जाऊ नका, पळा, असं यादीत लाल अक्षरांत होतं. आमच्या गाळ्यांमधल्या भिंती विटांच्या नव्हत्या, पत्र्याच्या होत्या, आणि पत्रा काही जमिनीला पुरता टेकत नाही. म्हणून या दोघांत निदान एक गाळा तरी हवा होता. त्याच रांगेत सकाळी नऊ ते संध्याकाळी सात माझा दादा असायचा. कोडं सोडवताना हे माझ्या डोक्यात होतं, अगदी पहिल्या दिवसापासून होतं. म्हणूनच माझा मला जास्त राग येतो.

मी अकरा मालांना अकरा नंबर दिले, अकरा चौकटी केल्या आणि प्रोग्राम सोडला. तो मागे-पुढे करत राहिला आणि शेवटी म्हणाला, उत्तर नाही. मी नियम तपासले. पुन्हा सोडला. उत्तर नाही. हायड्रोच्या शेजारी चालतील असे दोनच माल होते, आणि ते दोन्ही दुसऱ्या कोणाला तरी हवे होते. चौथ्या दिवशी शेठ दारातून डोकावले आणि म्हणाले, "काय गो, तुझा कॉम्प्युटर कामतघरचा लूम हाय काय? खडखड खूप, कापड न्हाय."

हे मला लागलं. लागलं म्हणजे चांगलंच लागलं.

पाचव्या दिवशी दुपारी डबा खाता खाता मी गाड्यांची स्क्रीन बघत होते. त्यात डावीकडे गाळ्यांची यादी असते, गाळा १ ते गाळा १२. हातातला घास तसाच राहिला. बारा! अकरा माल आहेत म्हणून मी चौकटीही अकराच केल्या होत्या. आणि तिसऱ्या ओळीत, दोन वर्षं रोज डोळ्यांसमोर असलेला शब्द: गाळा ३, रिकामा. शेठनी आपल्या घरच्या सामानासाठी ठेवला असेल, असं मी कधीपासून धरून चालले होते. कोणाला विचारायचं मनातही आलं नाही.

मी बारा चौकटी केल्या, एक रिकामी ठेवायची मुभा दिली. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं. गाळा २ हायड्रो, गाळा ३ रिकामा, गाळा ४ पेरॉक्साइड, आणि पुढे सगळं कसं नीट लागलेलं. मी खुर्चीतच टाळी वाजवली. प्रिंट काढली, खाली माझी सही केली. विम्याचा माणूस आला तेव्हा मागे गुडघाभर चिखल होता, त्यामुळे तोही माझ्या एसीत बसूनच कागद वाचून गेला. मध्ये गाळा रिकामा सोडलात हे उत्तम केलंत, असंही म्हणाला.

दुसरी प्रत मी दादाला दिली. त्याने वाचली आणि तो हसला.

"तीन नंबर रिकामा? अगो बाय, तो त जल्मापासून रिकामाच हाय."

"मंग तसाच राहू दे. त्याच्यात काडीपन ठेवायची न्हाय."

"कशी ठेवनार? तूच ठेवून दाखव मना."

त्याच्या मागे उभे असलेले दोन हमालही हसले. दादा माझी टिंगल करतो हे मला नवीन नाही. मीही हसले.

दोन दिवस माल हलला. हमालांनी कागद हातात धरून एकेक पिंप लावलं. "दीदी का कागज है, ग़लत नहीं होगा," असं त्यातला एक म्हणाल्याचं दादानेच मला बाइकवर सांगितलं. मला फार बरं वाटलं.

आठवड्याभराने वहिनी दादाचा शर्ट हातात घेऊन माझ्याकडे आली. "ह्याला वास बघ कसा येतंय. काडेपेटी जाळल्यासारा." मी हुंगला. खरंच तसाच वास होता. दादाचे डोळेही लाल दिसत होते, आणि जेवताना त्याला ठसका लागत होता. मी वहिनीला सांगितलं की हायड्रोला असा थोडा वास असतोच, आणि मांडणी मी स्वतः केलीय, काळजी करू नको. ती शर्ट घेऊन निघून गेली.

पुढच्या सोमवारी शेठ म्हणाले, आता शटरवर नंबर आणि मालाची नावं नीट लाव. मी बारा स्टिकर बनवले, प्लास्टिक चढवून. दुपारी पाऊस थांबला तशी सलवार वर खोचून मागे गेले. पहिल्या शटरवर पहिला स्टिकर लावला. दुसऱ्यावर दुसरा. तिसऱ्या शटरवर रंगाने चार लिहिलेलं होतं. मला वाटलं पेंटर पिऊन आला असेल. त्याच्या पुढे पाच, मग सहा. मी लावत लावत बारापर्यंत गेले आणि माझ्या हातात एक स्टिकर उरला. त्यावर लिहिलं होतं, गाळा ३, रिकामा.

दादा दुसऱ्या गाळ्याच्या दारात उभा राहून चहा पीत होता.

"दादा, तीन कुठं हाय?"

"कुठला तीन?"

"तीन नंबरचा गाळा."

"तीन हायच कुठं? शेठच्या बापाशीनं नंबर घातले तवाच तीन सोडला. तीन तिगाडा, काम बिगाडा. तुला म्हायती होता ना? मी त बोललो होतो, जल्मापासून रिकामा."

 आमच्या घरी वहिनी ताटात कधी तीन भाकऱ्या वाढत नाही. दोन वाढते, नाहीतर चार. तिघं मिळून कामाला निघालो तर दादा खिशात एक खडा टाकतो, चौथा म्हणून. या रीतीत मी वाढले, तिची चेष्टा केली आणि ती पाळलीही. पण जिने सगळीकडे तीन चुकवला तिला गाळ्यांत तीन चुकवलेला असेल हे सुचलं नाही. सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने पहिला नंबर एक, शेवटचा नंबर बारा असं भरलं असणार, आणि मशीनने मधला तीन आपल्या मनाने उभा केला. माझ्या प्रोग्रामने सगळ्यात घातक दोन माल दूर ठेवायला नेमकी तीच जागा निवडली होती. जी नव्हती. दोन आणि चार यांच्यामध्ये एक पत्रा होता.

मी त्या पत्र्याला तळहात लावला. भर पावसातला पत्रा, थंडगार असायला हवा होता. तो कोमट होता. खाली वाकून पाहिलं तर चारच्या बाजूने ओल पत्र्याखालून आत आली होती आणि हायड्रोच्या पहिल्या रांगेपर्यंत पोचली होती.

"सगळ्यांना भायेर काढ," मी ओरडले. "आत्ताच्या आत्ता."

"कागदावर तूच लिवलास," दादा म्हणाला.

"मी चुकले दादा. चुकले. काढ त्यांना."

मी चुकले, हे शब्द त्याने माझ्या तोंडून बहुतेक पहिल्यांदाच ऐकले. त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि शिट्टी मारली. हमाल बाहेर आले. मग तो स्वतः आत गेला. मी नको नको म्हणत असताना गेला आणि पत्र्याजवळचा एक डबा कोरड्या गोणपाटात धरून बाहेर घेऊन आला. झाकण वर फुगलं होतं. त्याने तो पार कुंपणाकडे मोकळ्या जागेत नेऊन टाकला आणि धावत परत आला. पाच मिनिटांत डब्यातून पिवळट पांढरा धूर निघायला लागला.  तो एकच डबा तासभर जळला. आत तसे दोनशेच्या वर होते.

दादाचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला, आणि खोकला तेव्हापासून गेला नाही.

मी ऑफिसात जाऊन पुन्हा अकरा चौकटी केल्या. उत्तर नाही. पहिल्याच दिवशी तो खरं सांगत होता, मीच त्याला खोटी जागा दाखवून हो म्हणायला लावलं होतं. मी शेठना सांगितलं की या गोदामात हा सगळा माल मावूच शकत नाही, निदान एका व्यापाऱ्याचा माल परत पाठवा. शेठनी शांतपणे ऐकून घेतलं.

"उत्तर न्हाय म्हंजे काय? माल त उभा हाय ना आत? मंग झाला ना उत्तर."

"शेठ, आज डबा पेटला."

"एक डबा पेटला. ओल पुसून घेतली, मधी गोनी लावल्या. कागद पास झालाय, आता त्याला हात लावायचा न्हाय." आणि मग हसून म्हणाले, "अति शहाना त्याचा बैल रिकामा. तुझा त गाळाच रिकामा निघाला."

मी बाहेर आले. रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या संध्याकाळी मी दादाला सांगितलं, उद्यापासून तू जाऊ नको. तो म्हणाला, "मी न्हाय गेलो त पोरं जातील. त्यांना कोन भायेर काढंल?" आणि भाजलेल्या हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून दुसऱ्या दिवशी बाइक चालू केली.

मी त्याला न विचारता विमा कंपनीला मेल लिहिला. माझ्या सहीचा कागद चुकीचा आहे, तीन नंबरचा गाळा अस्तित्वात नाही, येऊन बघा. चार ओळी होत्या. पाठवायला मात्र अख्खी सकाळ लागली.

ते आले. या वेळी मागे जाऊन आले. दोन दिवसांत गेटला कुलूप लागलं. माझी नोकरी गेली, ती जाणारच होती. दादाची गेली, वीस हमालांची गेली. हमालांतले काही गावाला निघून गेले, काही नाक्यावर उभे राहायला लागले. दादा महिनाभर माझ्याशी बोलला नाही. एकाच घरात, एकाच चुलीवरचं जेवत होतो, आणि काही सांगायचं असलं की तो वहिनीला सांगायचा. मला त्याचं काही वाटलं नाही असं म्हणणं खोटं होईल. पण तो ओटीवर बसलेला दिसायचा, खोकत का होईना घरात असायचा, आणि मी सुखाने झोपायचे.

कुलूप लागलं तेव्हा मालाचं काय होणार हा विचार मी केला नव्हता. व्यापाऱ्यांना माल हवा होता, शेठना व्यापारी हवे होते. अंजूरलाच, खाडीच्या वाटेवर, शेठच्या मेव्हण्यांनी एक शेड बांधली होती. सगळा माल तिथे आला. निळ्या पत्र्याची मोठी शेड, आमच्या गच्चीवरून दिसते. आत गाळे नाहीत, पत्रे नाहीत, नंबर नाहीत. आणि विमाही नाही, त्यामुळे कागद मागायला येणारं कोणी नाही. शेठनी दादाला निरोप पाठवला की मुकादम म्हणून ये, हायड्रो ओळखणारा माणूस दुसरा कोणी नाही. दादा कामावर गेला.

मग तो माझ्याशी बोलायला लागला. मी पहिलंच विचारलं, हायड्रो कुठं ठेवलाय.

"जागा गावंल तिथं."

"आनि पेरॉक्साइड?"

"सांगितला ना. जागा गावंल तिथं."

"मी परत लिहीन दादा. सोडनार न्हाय मी."

"लिव," तो म्हणाला. रागाने नाही, अगदी शांतपणे. "पन तिथनं मंग कंचे शेडमधी नेतील, ता पन लिवून ठेव."

 कोरा मेल उघडून मी तीन-चारदा बसले आणि उठले. मी शेड बंद पाडली तर माल आणखी कुठेतरी जाईल, आणि मालाच्या मागे दादा जाईल, आणि तिथे कदाचित पळायला दुसरं दारही नसेल. इथे निदान दोन दारं आहेत. हा विचार बरोबर आहे की मी घाबरट झालेय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

परवा सकाळी वहिनी दादाचा डबा भरत होती. तो बाहेर बाइक पुसत होता, खोकत होता. वहिनीने खिडकीतून एकदा त्याच्याकडे बघितलं आणि हळू आवाजात मला विचारलं,

"बाय, तू बोलली होतीस, बाजूबाजूचे गाळ्यांचा भ्याव होता. आता त गाळेच न्हाईत, एकच शेड हाय. म्हंजे आता भ्याव न्हाय ना?"

"न्हाय," मी म्हटलं. तिने डब्याचं झाकण लावलं आणि तो दादाला द्यायला बाहेर गेली.